टिंब फुकट

मी टिंब बोलतोय. पुस्तकातलं माझं नाव अनुस्वार, पण त्या नावाने मला शाळेबाहेर कुणी हाक मारत नाही. टिंबाला कुठलं आलंय तोंड, असं म्हणाल. तर माझ्याशिवाय तोंड म्हणजे नुसती तोड. तेव्हा बोलण्यावर माझा थोडा हक्क आहेच.

मी राहतो एका दुकानाच्या पाटीवर. रंगाने लाल, अंगाने चहाच्या बशीएवढा. 'सर्व सांधून मिळेल' अशी आमची पाटी, आणि त्यातल्या 'सां'च्या डोक्यावर मी बसलोय. पायाखाली दुकानाचा छज्जा, त्याखाली दार, समोर अरुंद रस्ता आणि रस्त्यापलीकडे केस कापायचं दुकान. माझ्या वर एक स्वयंपाकघराची खिडकी. कोण कुणाबरोबर गेलं, कोण एकटंच परत आलं, कुणाच्या घरात आज आवाज चढलाय, सगळं मला कळतं. मुद्दाम कान देत नाही मी. पण इतक्या मोक्याच्या जागी बसवल्यावर माणसाने, म्हणजे टिंबाने, करायचं तरी काय?

आज मात्र लोकांचं नाही, स्वतःचं सांगतो. माझी किंमत कशी ठरली ते. कारण जन्मलो तेव्हा मी फुकट होतो.

माझा जन्म एका 'ठ'च्या पोटातून झाला. पिठाच्या गिरणीची पाटी चालली होती. जाड पत्र्यातून 'ठ' कापला की त्याच्या पोटातली गोल चकती सुटून खाली पडते. ती चकती मी. काकांनी मला उचललं, उलटसुलट बघितलं आणि कोपऱ्यातल्या डब्यात टाकलं. 'लागेल कधीतरी' म्हणून माणसं जे जे ठेवतात, ते सगळं त्या डब्यात होतं. मीही तिथे पडून राहिलो, कधीतरी लागायची वाट बघत.

काका म्हणजे पाटीवाले काका. तरुणपणी ब्रशने पाट्या रंगवायचे, नंतर पत्र्याची अक्षरं मशीनवर कापून भिंतीवर चढवायला लागले. हात सोन्याचा, पण भाव सांगताना जीभ लोण्याची. गिऱ्हाईक जरा हिरमुसलं की लगेच "बरं, ते फुकट धरा." म्हणून भाव लिहून द्यायचं काम काकूंकडे होतं. काका अक्षरं कापायचे आणि काकू काकांचं बोलणं कापायच्या, असा तो संसार.

एके दिवशी दोघी बहिणी आल्या. थोरली पुढे, धाकटी मागे.

धाकटी कपड्यांच्या कारखान्यात शिवणावर होती. कारखाना बंद पडला. थोरलीच्या घराखाली एक खोली रिकामी होती, तिच्यावर मोबाईल विकणाऱ्या एका माणसाचा डोळा होता आणि तो भाडंही चांगलं देत होता. थोरलीच्या घरातली मिळकत आटली होती, नवरा घरी बसला होता, छप्पर गळायला लागलं होतं. तरी तिने खोली धाकटीला दिली. एका बोलीवर. "वर्षभर बघ. चाललं तर देव पावला. नाही चाललं तर खोली भाड्याने जाईल, मग माझ्यावर रुसायचं नाही." धाकटी कबूल झाली. फाटकंतुटकं जोडून द्यायचं दुकान काढायचं तिने ठरवलं.

"पाटीचा काय भाव हो?" थोरलीने दारातूनच विचारलं.

"आधी बसा," काका म्हणाले. "पाटीचा भाव भाजीसारखा नसतो. अक्षरं किती, केवढी, कशाची, भिंत विटेची की काचेची, चढायचं किती वर, वारा कुठून लागतो, वाटेत विजेची तार आहे का, एवढं कळायच्या आत आकडा बोललो, तर तो मलाच परत गिळावा लागतो."

"निम्मा पैसा करायचा, निम्मा चढवायचा," काकू मागून म्हणाल्या. "लोक करायचा भाव विचारतात आणि चढवायचं विसरतात."

धाकटीने घडी घातलेला कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, 'येथे फाटलेले, तुटलेले, उसवलेले सर्व काही सांधून मिळेल.' काकांनी बोटांवर मोजलं आणि एका अक्षराचा भाव सांगितला.

थोरलीने बहिणीकडे बघितलं. "एका अक्षराला पिशव्यांच्या किती चेनी बदलाव्या लागतील गं तुला?"

"चार-पाच."

"चार-पाच? मग हे 'येथे' कशाला? पाटी येथेच लावणार ना आपण, की शेजारच्या गल्लीत?"

'येथे' गेलं.

"उसवलेलं म्हणजे फाटलेलंच की. आणि फाटलेलं, तुटलेलं लोकांना काय सांगायचं, ते हातात घेऊनच येणार आहेत." तेही गेलं. "आणि हे 'काही'? सर्व म्हटल्यावर काही उरलं का?"

काका हसून खोडत होते. डब्यात पडल्या पडल्या मला वाटलं, ही बाई अशीच बोलत राहिली तर पाटीवर नुसती भिंत उरेल.

"आणि 'सांधून' काय? शिवून म्हण. सगळ्यांना कळतं."

"तेवढं राहू दे ताई," धाकटी म्हणाली. "आईचा शब्द आहे."

त्यांची आई म्हणायची म्हणे, शिवणारे गल्लोगल्ली मिळतात, सांधणारा एखादाच. थोरलीने पदराने उगाच कपाळ पुसलं. मग म्हणाली, "राहू दे मग. पण त्याच्या डोक्यावरच्या टिंबाचे किती?"

"टिंब फुकट," काका म्हणाले. "काना, मात्रा, वेलांटी अक्षराच्या पोटात. आणि टिंबाचे पैसे मी जन्मात कुणाकडून घेतले नाहीत."

"फुकट म्हणू नका हो," काकू म्हणाल्या. "पाटीत सगळ्यात अवघड तेच असतं. बाकी सगळे रेघेला धरून. काना रेघेला, मात्रा रेघेला, रफारसुद्धा रेघेला. एकटं टिंब अधांतरी. ज्याला कुठे टेकायला नाही, त्याला खिळा स्वतःचा लागतो."

"अगं, एवढंसं तर असतं. डिंकावर राहील."

काकूंनी मान हलवली आणि भाव लिहायला घेतला. पत्रा, कापणावळ, रंग, स्क्रू, शिडी, शिडीवाला, परवाना. मी त्यात नव्हतो. जो भावात नाही त्याच्या नावावर स्क्रूही नसतो, हे मला तेव्हा कळलं नाही. मी आपला खूश. डब्यातून बाहेर निघालो, लाल रंग मिळाला, आणखी काय हवं होतं?

पाटी चढली तो दिवस मी विसरणार नाही. शिडीवाल्याने भिंतीला भोकं पाडली, 'सर्व' बसलं, 'सांधून' बसलं, 'मिळेल' बसलं. सगळ्यांत शेवटी काकांनी माझ्या पाठीला डिंक फासला, वरून चिकटपट्टी लावली आणि तळहाताने दाबून धरलं. माझे भाऊबंद हलक्या पत्र्याचे, मी गिरणीच्या जाड पत्र्याचा. वजन माझं अंमळ जास्तच होतं, पण फुकटच्याचं वजन कोण करतो?

धाकटी रस्ता ओलांडून समोर जाऊन उभी राहिली. मान तिरकी करून तिने पाटी वाचली. परत वाचली. केस कापणारा दारात येऊन म्हणाला, "बाई, पाटी तुमचीच आहे, पळून नाही जाणार." ती लाजून हसली. मग तिने सगळ्यांना चहा दिला. काकूंना आग्रहाने दुसरा कप.

काम हळूहळू यायला लागलं. दप्तरांचे पट्टे, छत्र्यांच्या काड्या, रेनकोट, प्रवासाच्या पिशव्या. एका लहान मुलीचा कापडी हत्ती आला होता, सोंड लोंबत होती त्याची. धाकटीने ती अशी बसवली की हत्ती आधीपेक्षा हुशार दिसायला लागला. पण एका हत्तीवर घर चालत नाही. वरच्या खिडकीतून थोरलीचे उसासे मला ऐकू यायचे. "आज किती झाले?" ती संध्याकाळी विचारायची. धाकटी आकडा सांगायची आणि वर पुन्हा उसासा.

मग उन्हाळा आला. डिंक सुकला, चिकटपट्टी ताठ झाली. एका दुपारी वाऱ्याचा झोत आला आणि मी सुटलो. खाली छज्ज्यावर पडलो, पालापाचोळ्यात, आभाळाकडे तोंड करून. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. रस्त्यावरून मी दिसत नव्हतो. मलाही आभाळच दिसायचं; खालचं पुढे जे सांगतोय ते ऐकून आणि बहिणींच्या संध्याकाळच्या बोलण्यातून जोडलेलं. आणि टिंब गेलं म्हणून कुणी शोधायला निघत नाही.

फक्त एका माणसाने मला पाहिलं. दुसऱ्या दिवशी थोरली खिडकीतून फडकं झटकायला वाकली. तिने खाली मला बघितलं, मग पाटीकडे बघितलं. आमची नजरानजर झाली म्हणा ना. तिने हाक मारायला तोंड उघडलं, इतक्यात खाली कुणीतरी दुकानात आलं. तिने तसंच थांबून खालचं बोलणं ऐकलं, आणि मग हळूच खिडकी लावून घेतली.

खाली आला होता तो एक कोटवाला गृहस्थ. चाळिशीचा, घाम फुटलेला.

"उद्या मुलाखत आहे माझी," तो धाकटीला म्हणाला. "साधायचे किती घेता?"

धाकटीला ऐकू आलं, सांधायचे. "बघितल्याशिवाय कसं सांगू? दाखवा."

त्याने तळहात उघडून तिच्यासमोर धरला. धाकटीने हात धरून उलटा केला. बाहीचं अस्तर सुटलं होतं. "हे होय? बसा, आत्ता होईल."

तो बसला, डोळे मिटून. तिने शिवता शिवता विचारलं, कसली मुलाखत, घरी कोण कोण, झोप लागते का. तो बोलत राहिला. आधी घाबरत, मग मोकळा होऊन. जाताना ती म्हणाली, "आता हात मोकळा हलवून बोला, दबून बोलू नका. बाही आता सुटणार नाही." तिचं म्हणणं शिवणीबद्दल होतं. त्याला वाटलं, मंत्र मिळाला.

नोकरी लागली हो त्याला.

मग काय विचारता. आमची पाटी तेव्हा वाचली जात होती 'सर्व साधून मिळेल' अशी. माणसं यायला लागली. कुणाची परीक्षा, कुणाचं लग्न जमत नाही, कुणाचा घरमालक छळतोय. यायची, तळहात पुढे करायची, आणि धाकटी प्रत्येकाच्या बाहीत काही ना काही उसवलेलं शोधून काढायची. माणसाच्या अंगावर कुठेतरी उसवलेलं असतंच, हे मला छज्ज्यावर पडल्या पडल्या कळलं. एक बाई म्हणाली, "माझं नशीबच फाटलंय." धाकटी म्हणाली, "ते राहू द्या, पर्सचा बंद तुटलाय, तो लावून देते आधी." बाई हसली. आली तेव्हा रडत होती.

"काय गं, हल्ली लोक फार बोलतात," धाकटी बहिणीला म्हणायची. "आणि सगळ्यांच्या बाह्याच कशा उसवतात?"

"येतायत ना? मग येऊ दे," थोरली म्हणायची. संध्याकाळचे उसासे बंद झाले होते. मला सगळं ठाऊक होतं आणि मी एक अक्षर बोललो नाही. खरं तर मी अक्षरच नाही.

एके दिवशी एक आजोबा आले. कपडे जुने पण धड, कुठे दोरा सुटलेला नाही. त्यांनी खिशातून पाकीट काढून तिच्या मशीनवर ठेवलं.

"मुलगा बोलत नाही माझ्याशी," ते म्हणाले. "चूक माझीच आहे. तेवढं साधून द्या."

"आजोबा, मी पिशव्या सांधते. छत्र्या, कपडे."

"बाहेर तर सर्व लिहिलंय."

"सर्व म्हणजे... वस्तू हो."

"मला वाचता येतं पोरी. साधून मिळेल, असंच लिहिलंय. मी बसमधून तीनदा वाचलं आणि आज उतरलो."

धाकटी उठली. कितीतरी महिन्यांनी तिने रस्ता ओलांडला आणि समोरून पाटीकडे बघितलं. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण पाऊल परत यायला फार वेळ लागला. आत येऊन तिने पाकीट आजोबांच्या हातात दिलं आणि त्यांची बोटं त्यावर मिटवली.

"पाटी मोडलीय आजोबा. मला ते येत नाही. येत असतं तर पैसे न घेता दिलं असतं."

आजोबा म्हणाले, "हरकत नाही." पण पाकीट हातात तसंच धरून ते बाहेर पडले.

त्या संध्याकाळी वरच्या खिडकीत मोठं बोलणं झालं.

"टिंब पडलंय ताई."

"पडलं तर पडलं. टिंबाने कुणाचं पोट भरलंय? पुढच्या महिन्यात वर्ष संपतंय तुझं. आता कुठे चार माणसं यायला लागलीत."

"ती चुकून येतात."

"चुकून येऊन बाही शिवून जातात ना? फसवलंस का कुणाला? पैसे जास्त घेतलेस?"

"ते आजोबा आस लावून आले होते गं. बसमधून उतरून." थोडा वेळ भांड्यांचा आवाज. मग धाकटी म्हणाली, "आईचा शब्द होता. तोच मोडलाय आपल्या दारावर. दुसऱ्यांचं सांधायला बसलेय मी."

"आणि माणसं थांबली तर? तो मोबाईलवाला रोज विचारतोय. मी काय आनंदाने देणार आहे का तुझी खोली त्याला?" थोरलीचा आवाज इथे जरा फाटला. तेव्हा मला कळलं, तिने त्या दिवशी खिडकी का लावली होती. भाड्यासाठी नव्हे. बहिणीचं दुकान आपल्या हातांनी बंद करायची वेळ येऊ नये म्हणून. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि गोष्टी पोटात ठेवण्याबद्दल माझी काही ख्याती नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी काकांकडे गेल्या. तिथलं बोलणं मी ऐकलं नाही, पण शिडीवाल्याने ते नंतर रस्त्यात उभं राहून केस कापणाऱ्याला एवढं रंगवून सांगितलं की ऐकल्यासारखंच झालं.

धाकटी म्हणाली, टिंब पडलं. काका शरमले. म्हणाले, "नवीन लावून देतो. टिंब फुकट."

"फुकट नको काका," धाकटी म्हणाली. "फुकट होतं म्हणून पडलं. ह्या वेळी पैसे घ्या आणि स्क्रू मारा."

काकू म्हणे इतक्या जोरात उठल्या की स्टूल पडलं. त्यांनी भाव लिहून दिला. तो बघून थोरलीचे डोळे विस्फारले. "चार अक्षरांचे पैसे एका टिंबाला?"

"टिंबाला नाही, शिडीला," काकू म्हणाल्या. "शिडीला काय ठाऊक वर टिंब लावायचंय की अख्खा ग्रंथ? तिला तेवढंच चढायचंय. माणूस तोच, भोक तेच, रस्त्यात उभं राहायचं तेवढंच. त्या दिवशी सगळ्यांबरोबर स्क्रूने बसलं असतं तर एका चेनीच्या पैशात झालं असतं."

धाकटीने पर्स उघडली. थोरलीने तिचा हात धरला. "थांब. हे मी देते. फुकट मीच घेतलं होतं ते." तिने नोटा मोजून ठेवल्या आणि चेहरा असा केला, जणू दात काढून घेतलाय.

काका स्वतः शिडीवर चढले. छज्ज्यावर हात फिरवता फिरवता त्यांची बोटं मला लागली. "हा बघा, इथेच आहे लबाड," ते म्हणाले आणि मला शर्टाला पुसलं. वर उभ्या उभ्या माझ्याकडे बघत राहिले. "चुकलं रे," असं काहीतरी पुटपुटले. मी गिरणीचा, जाड पत्र्याचा, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

"लांब स्क्रू घाला," खालून काकू ओरडल्या. "दोन. आरपार."

भोकं पाडताना दुखलं मला. खोटं कशाला सांगू. पण पाठीमागे पक्की भिंत लागली तेव्हा जे वाटलं, ते मला सांगता येत नाही. जन्मल्यापासून मी अधांतरी होतो.

माणसं कमी झाली. व्हायचीच होती. नशीब घेऊन येणारे पाटी वाचून पुढे जायला लागले. कोटवाला मात्र कोट घेऊन यायचा, आणि ती पर्सवाली बाईही. आजोबा एकदा आले. हातात एक छत्री होती, दोन काड्या मोडलेल्या. "मुलाची आहे. घरी राहिली होती," ते म्हणाले. "ही तरी सांधता येईल ना? नीट करून पाठवून देतो म्हणतो." धाकटीने हातातलं सगळं काम बाजूला ठेवलं. छत्री पोहोचली का, पुढे काय झालं, मला कळलं नाही. मला न कळलेल्या गोष्टी थोड्या आहेत. त्यांतली ही मनाला लागून राहिलेली.

वर्ष संपलं. धाकटीने आपणहून आवराआवर सुरू केली. "बोली म्हणजे बोली, ताई. तू वर्षभर थांबलीस." थोरलीने खिडकीचा पडदा खसकन ओढला.

मोबाईलवाला खोली बघायला आला. चांगला माणूस होता, वाईट बोलणार नाही मी. भिंती बघितल्या, पाटी बघितली. म्हणाला, "सगळं ठीक आहे. ही पाटी तेवढी उतरवून, भोकं बुजवून द्या."

म्हणून काका-काकूंना बोलावलं. थोरली दारात उभी. धाकटी आत मशीनवर कापड झाकत होती. माझे दोन्ही स्क्रू मी घट्ट धरून बसलो.

"पाटी उतरवायचे किती?" थोरलीने विचारलं. आवाज कोरडा.

काकांची जीभ सवयीने सुटली. "उतरवायला काय, ते फुक..."

"अहो," काकू म्हणाल्या, आणि काकांच्या पायावर त्यांनी पाय ठेवलेला मी वरून स्पष्ट बघितला. मग त्यांनी आत धाकटीकडे बघितलं, थोरलीकडे बघितलं आणि मान वर करून बराच वेळ माझ्याकडे बघितलं. "अक्षरं निघतील. पण ते टिंब नाही निघायचं. लांब स्क्रू आहेत, आरपार. खेचलं तर गिलावा येणार, गिलाव्याबरोबर वीट. मग गवंडी बोलवा, शिडी दोनदा, रंग अख्ख्या भिंतीला, कारण ठिगळ दिसतं." आणि त्यांनी जो आकडा सांगितला तो ऐकून केस कापणाऱ्याची कात्री हवेत थांबली.

मला माझे स्क्रू ठाऊक आहेत. चांगला हात असेल तर चहा गार व्हायच्या आत निघतील.

"निम्मे मी देतो हवं तर," मोबाईलवाला म्हणाला.

"आणि वीट हलली तर? वर माझं स्वयंपाकघर आहे," थोरली म्हणाली. "नको हो. एवढे पैसे घालायची माझी ऐपत नाही. तुम्ही दुसरीकडे बघा."

जिने 'येथे' या दोन अक्षरांसाठी भर दुकानात वाद घातला होता, ती बाई त्या दिवशी "काही कमी करा" एवढंसुद्धा म्हणाली नाही.

तो गेल्यावर धाकटी बाहेर आली. "ताई, एवढे लागत नाहीत गं."

"गप्प बस. मला हिशेब शिकवू नकोस," थोरली म्हणाली. "भाडं दे दर महिन्याला, जमेल तेवढं. आणि वरच्या पडद्याची शिवण गेलीय, ती बघ. फुकट नको." आणि ती भराभर जिना चढून गेली. खिडकीत येऊन तिने फडकं झटकलं. त्यात काहीच नव्हतं.

काका घरी जाताना म्हणाले, "तू खोटं बोललीस." काकू म्हणाल्या, "भाव सांगितला. भाव खोटा कसा असेल? परवडला नाही, एवढंच."

आता बरीच वर्षं झाली. माझा लाल रंग विटकरी झालाय, स्क्रूभोवती थोडा गंज चढलाय. पाऊसपाण्यात एक चिमणी माझ्या आडोशाला बसते. तेवढाच आडोसा माझ्या अंगात आहे. काकांनी पाट्या करणं सोडलं, पण शेवटपर्यंत त्यांच्या भावात एक ओळ असायची, 'टिंबाचा खर्च वेगळा.' गिऱ्हाईकं हसायची. काकू नाही हसायच्या.

तुम्हीही कधी दुकान काढाल, पाटी करायला जाल. अक्षरांचा भाव खुशाल पाडा. पण जे लहान आहे, एकटं आहे, रेघेला धरून नाही, त्याचं कसं बसवणार, एवढं आधी विचारा. आणि फुकट देतो म्हणाले तर घेऊ नका.

मला कुणाकुणाचे आभार मानायचेत. गिरणीवाल्याचे, ज्याच्या पाटीतून मी निघालो. काकांच्या हातांचे आणि काकूंच्या पायाचे. थोरलीचे, तिने मला दोनदा पाहिलं, एकदा खिडकी लावली आणि एकदा पर्स उघडली म्हणून. बसमधून उतरलेल्या आजोबांचे.

आणि धाकटीचे. मला स्क्रू लागल्यापासून रोज सकाळी दार उघडायच्या आधी ती रस्ता ओलांडून समोर जाते आणि मान तिरकी करून वर बघते. आठ अक्षरांची पाटी आहे आमची, पण तिची नजर आधी मला शोधते. मी असतो. मग ती परत येते आणि कुलूप काढते.